दिलं म्हणजे दिलं

डहाणू,
१४ मे २०१६

प्रिय संगीता,

हे पत्र घेऊन झिपरूदादा येईल तेव्हा त्याच्या टेम्पोत मागे एक फ्रिज असेल. घाबरू नकोस, तो तुझ्यासाठीच आहे. झिपरूदादा आमच्या फुग्यांच्या कारखान्याचा माल तलासरीच्या बाजारात नेतो. त्याला म्हटलं, थोडा पुढे झरीपर्यंत जा. भाडं मी दिलंय. तो विसरल्यासारखं करून परत मागेल, देऊ नकोस.

आम्ही नवीन फ्रिज घेतोय, दोन दारांचा. प्रविणचं म्हणणं होतं की जुना विकून टाकू. पण महालक्ष्मीच्या जत्रेत आपण बर्फाचा गोळा खात होतो तेव्हा तू म्हणालीस, संदीप उन्हातून शाळेतून येतो आणि घरात गार म्हणून काही नसतं. तू सहज बोललीस. माझ्या मात्र डोक्यात बसलं. प्रविणला म्हटलं, हा विकायचा नाही.

आल्या आल्या चालू करू नकोस. एक दिवस नुसता उभा ठेव, भिंतीपासून जरा लांब. दाराचं रबर मी साबणाने घासलंय, आता घट्ट बसतं. बर्फाचा खण आठवड्यातून एकदा मोकळा कर. चाकू लावून बर्फ खरवडू नकोस, आमच्या रुचिकाने ते करून एकदा भोक पाडलं होतं.

पैशाचं नाव काढायचं नाही. तलासरीच्या हॉस्टेलात आपण एकाच पत्र्याच्या पेटीत कपडे ठेवत होतो. कुणाचा परकर कुणी घातला, हे आपण कधी बघितलं नाही.

पाड्यावर रेंज नाही म्हणून पत्र लिहिते, हे एक झालं. दुसरं म्हणजे फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस. पत्रात बोलतेस. तेव्हा बोल.

तुझी
निलम


झरी,
५ जून २०१६

प्रिय निलम,

फ्रिज पोचला. रस्त्यापासून घरापर्यंत पायवाट आहे, टेम्पो येत नाही. लाहू, झिपरूदादा आणि शेजारचे तुक्या, हाल्या अशा चौघांनी डोलीसारखा बांबूला बांधून आणला. वाटेत ज्याने त्याने विचारलं, कोण आजारी आहे.

तू सांगितलंस तसा एक दिवस उभा ठेवला. संदीप त्याच्यासमोर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी चालू केला आणि पहिला बर्फ झाला तो सासूच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला नाही. मूठ मिटून धरून ठेवला आणि पाणी झाल्यावर डोळ्यांना लावला. आता पाड्यावरची पोरं दुपारी दारात येतात. मी प्रत्येकाला एकेक तुकडा देते.

लाहूचं एक म्हणणं आहे, ते लिहिते. तो म्हणतो, एवढी मोठी वस्तू घरात आली की लोक विचारतात कितीला घेतली. मैत्रिणीने दिली म्हटलं की पुढे विचारतात, कशाच्या बदल्यात. त्याला ते बरं वाटत नाही. तू रक्कम सांग. एकदम जमणार नाही, भात झोडल्यावर थोडे थोडे देऊ. तो उंबरगावच्या कंपनीत जातो, पगार वेळेवर असतो.

झिपरूदादाकडे तांदूळ देत आहे. तो घरचा आहे, खा. तो पैशात धरू नकोस.

तुझी
संगीता


डहाणू,
२० जून २०१६

प्रिय संगीता,

तांदूळ छान आहे. पेज केली की सगळ्या घराला वास येतो. प्रविणला फार आवडली.

रक्कम सांगणार नाही. लाहूभाऊंना सांग, एवढं मनाला लावून घेऊ नका. अगं, आमच्याकडे तो फ्रिज म्हणजे अडगळच होती. नवा आल्यावर ठेवला असता कुठे? माझी जागा मोकळी झाली, तुझी गरज भागली. एवढ्या साध्या गोष्टीला हिशोब कशाला? आणि कुणी विचारलं कशाच्या बदल्यात, तर सांग, एक वेडी मैत्रीण आहे डहाणूला.

रुचिका दहावीत गेली. क्लास, पुस्तकं, नवा युनिफॉर्म. कारखान्यात नवीन मशीन घेतलंय. प्रविण घरी येतो तेव्हा केसांना रबराचा वास असतो.

पाऊस लागला की पत्रं येत नाहीत तुझी. या वर्षी तसं करू नकोस.

तुझी
निलम


डहाणू,
२३ जानेवारी २०१७

प्रिय संगीता,

लाडकीचं लग्न चांगलं झालं. नणंदेचं लग्न असून तू स्वतः उभी राहून सगळं केलंस, ते सगळे बघत होते. तारपा वाजत होता तेव्हा प्रविणसुद्धा नाचायला उठला. तो कधी उठत नाही.

पण एक गोष्ट मनात ठेवून मी आले आणि ती काही जात नाही, म्हणून लिहिते.

मी पाणी प्यायला घरात गेले होते. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, माठ तिकडे आहे. मला वाटलं गडबडीत विसरल्या, म्हणून फ्रिज उघडला. आत भाताच्या बियाण्याच्या पिशव्या. मधल्या फळीवर लुगडी आणि संदीपचा स्वेटर. बर्फाच्या खणात रेशन कार्ड. वायर गुंडाळून वर ठेवलेली.

प्रविण माझ्या मागेच उभा होता. त्याने बघितलं. येताना गाडीत सगळा रस्ता बोलला. जुन्या फ्रिजचे पाच हजार देणारं गिऱ्हाईक तेव्हा त्याच्याकडे होतं. माझ्या हट्टामुळे त्याने त्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. आता मला म्हणतो, तुझ्या मैत्रिणीला कपाट हवं होतं तर कपाट द्यायचं होतंस.

संगीता, तुला नको होता तर तेव्हाच सांगायचं ना. मी हौसेने दिला. तू पत्रातून बर्फाच्या गोष्टी लिहिल्यास. मी त्या रुचिकाला वाचून दाखवल्या. आणि आत लुगडी. मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. चूक असेल माझी, पण वाटलं ते लिहिलं.

निलम


झरी,
३० जानेवारी २०१७

निलम,

बर्फाच्या गोष्टी लिहिल्या तेव्हा बर्फ होत होता.

पाड्यावर लाईट कधी दिव्यासारखी मंद असते, कधी एकदम वाढते. ऑगस्टमध्ये एका दुपारी फ्रिजमधून जळका वास आला आणि तो थांबला. तलासरीचा मेकॅनिक पावसातून आला. कॉम्प्रेसर जळाला म्हणाला. नवीन बसवायला त्याने जेवढे सांगितले तेवढा लाहूचा पगारही नाही. तो गेल्यावर सासू फ्रिजवर हात ठेवून बसली होती, गोठ्यातलं जनावर मेल्यावर बसतात तशी.

तुला काय कळवायचं होतं? तुझी वस्तू आमच्याकडे तीन महिने टिकली नाही, असं? तू म्हणाली असतीस, राहू दे, दुसरा बघते. मला तेच नको होतं.

मग मी त्यात बियाणं ठेवलं. त्याच्या आदल्या वर्षी उंदरांनी अर्धं बियाणं खाल्लं होतं, पेरायला उसनं आणावं लागलं. त्या दाराचं रबर तू घासून दिलंस, ते उंदराला उघडत नाही. या वर्षी आमचं सगळं बी शाबूत आहे. तू मला हे विचारलं असतंस तर आनंदाने सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. दार उघडून बघितलंस आणि घरी जाऊन पत्र लिहिलंस.

मी रक्कम विचारली तेव्हा तू म्हणालीस अडगळ होती. आता म्हणतेस पाच हजारांचं गिऱ्हाईक होतं. दोन्हीतलं खरं काय ते तू ठरव. माझं म्हणणं एवढंच. दिलं म्हणजे दिलं. मग त्यात मी बर्फ ठेवीन की बी, ते माझं मी बघेन. आणि दिलं नसेल, नुसतं ठेवायला दिलं असेल, तर तसं स्पष्ट सांगायचं होतंस.

बोकड विकला. झिपरूदादाकडे पाच हजार देत आहे, सगळ्या नव्या नोटा आहेत. आता फ्रिज आमचा आहे.

संगीता


डहाणू,
३ फेब्रुवारी २०१७

संगीता,

पैसे पोचले. मोजून घेतले.

निलम


डहाणू,
६ डिसेंबर २०१८

प्रिय संगीता,

इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून काय वाटेल तुला, माहीत नाही. फाडून टाकायच्या आधी एवढं वाच.

गेल्या महिन्यापासून जमीन हलतेय. इथे आम्हाला भांडी वाजलेली कळतात, पंखा डुलतो. परवा सगळी बिल्डिंग जिने उतरून खाली आली. पण सगळे म्हणतात की खरा जोर तुमच्याकडेच आहे, तलासरीच्या बाजूला. प्रत्येक धक्क्याला मला तुझ्या घराची ती नवी विटांची खोली दिसते. लाडकीच्या लग्नात तिला अजून गिलावा व्हायचा होता.

झिपरूदादा आता आमच्याकडे येत नाही, म्हणून हे पोस्टाने. बाकी काही लिहू नकोस. तुम्ही सगळे ठीक आहात एवढं कळव.

निलम


झरी,
१५ डिसेंबर २०१८

प्रिय निलम,

ठीक आहोत. फाडलं नाही.

आम्ही घराबाहेर झोपतो. शेतात ताडपत्रीचा तंबू केलाय, सासू, संदीप, मी, आणि लाहू कामावर नसला की तो. आधी भुईच्या पोटातून आवाज येतो, लांबून ट्रक आल्यासारखा. मग हलतं. कोंबड्यांना आमच्या आधी कळतं. शाळा झाडाखाली भरते. संदीपची दहावी आहे. तंबूत वाऱ्याने पानं उडतात म्हणून तो सारखा विटांच्या खोलीत जाऊन बसतो, आणि मी त्याला सारखी बाहेर काढते. खोलीला कोपऱ्यातून चीर गेली आहे. मागे सासूचं जुनं घर आहे ना, कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं, त्याला काही झालं नाही. ते नुसतं डुलतं.

गेल्या आठवड्यात कुठल्या तरी शहरातून कपड्यांचा एक ट्रक आला होता. चांगल्या मनाने पाठवलं असेल. मैदानात ढीग ओतला आणि सगळ्यांना म्हणाले, निवडा. त्यात टाचेच्या चपला होत्या, एकेकट्या. लग्नातला कोट होता. काळी नावाची शेजारीण आहे, तिला बटणं नसलेलं स्वेटर मिळालं, तिने ते तिथेच घालून पाहिलं आणि कोणीतरी तिचा फोटो काढला. लाहू ढिगाजवळ गेला आणि काहीही न घेता परत आला. मला म्हणाला, थंडी एवढी नाही.

मला त्या वेळी तुझी आठवण आली. वाईट अर्थाने नाही. तू फ्रिजचं रबर साबणाने घासून पाठवलं होतंस.

तू काही पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर पत्र पाठव. संध्याकाळी तंबूत बसलं की वेळ जात नाही.

संगीता


झरी,
१६ फेब्रुवारी २०१९

प्रिय निलम,

हे पत्र चिखल्याच्या पत्त्यावर बघून तू दचकशील. आधी आमचं सांगते, मग तुझ्यावर येते.

महिन्याच्या सुरुवातीला दुपारी जो मोठा धक्का बसला, त्यात आमची विटांची खोली पडली. संदीप आतच अभ्यास करत होता. मी विहिरीवर होते. आवाज आला तशी मी हंडा टाकून धावले, पण चालता येत नव्हतं, पायाखालची जमीन सरकत होती. समोरून धूळ येताना दिसली. मग तो धुळीतून बाहेर आला, हातात भूमितीचं पुस्तक घेऊन, पांढराफटक. पहिल्या हलक्या हिसक्यालाच तो उठला होता. उंबरा ओलांडला आणि मागे भिंत आत पडली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मी त्याला आधी मारलं आणि मग धरून बसले.

यानंतर मी रोज तुझ्या पत्राची वाट बघितली. भांडी वाजली तेव्हा लिहिणारी तू, एवढं झाल्यावर लिहीत नाहीस. पहिले काही दिवस राग आला. मग वाटलं, तिलाच काही झालं असेल. म्हाताऱ्या सासूला डोळ्यांसाठी डहाणूला न्यायचंच होतं. दवाखान्यातून तशीच तुझ्या घरी आले.

दाराला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला पाणी दिलं. त्या म्हणाल्या, जानेवारीतच घर सोडलं, चिखल्याला प्रविणच्या चुलतभावाच्या वाडीतल्या खोलीत गेले. कारखाना मागच्या दिवाळीतच बंद झाला. निलम दुसऱ्याच्या कारखान्यात फुगे पॅक करायला जाते. मी विचारलं, सामान एवढ्या लहान खोलीत मावलं कसं, तो मोठा फ्रिज कुठे ठेवला. काकू म्हणाल्या, कसला फ्रिज? जुना कुणाला तरी दिला, नवा आलाच नाही. उन्हाळ्यात त्यांची पोरगी आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या ठेवायची.

मी तिथे जिन्यातच बसले. म्हातारी विचारत होती काय झालं, तिला काय सांगू? अडीच वर्षं तू तिकडे माठातलं पाणी पितेस आणि मी इकडे. आणि आपण दोघी एका फ्रिजवरून बोलत नव्हतो.

तिथून चिखल्याला रिक्षा जात होती. मी आले नाही. दारात येऊन उभी राहिले असते तर तुला तयार व्हायला वेळच मिळाला नसता. म्हणून आधी पत्र. एकच विचारते. मी बोकडाचे पैसे पाठवले, ते कामाला आले का?

तुझी
संगीता


चिखले,
२२ फेब्रुवारी २०१९

प्रिय संगीता,

संदीप वाचला हे वाक्य मी सहा वेळा वाचलं. बाकीचं नंतर.

मोठा धक्का बसला तेव्हा मी कारखान्यात होते. त्या दिवशीच पत्र लिहायला बसले. वरती पत्ता लिहायची वेळ आली आणि थांबले. डहाणू लिहावं तर तुझं उत्तर बंद दारात पडणार. चिखले लिहावं तर तू विचारणार. तो कागद तसाच राहिला. झरीहून येणाऱ्या बायका बाजारात भेटतात, त्यांच्याकडून कळलं की पाड्यावर जीव कुणाचा गेला नाही. त्यावर दिवस काढले. वाईट केलं मी.

पैसे कामाला आले. आता सगळं सांगते. तुला फ्रिज पाठवला तेव्हा नवा खरंच घ्यायचा होता, दुकानात पसंतही केला होता. पण त्याच आठवड्यात प्रविणने मशीन घेतलं आणि ठेवलेली रक्कम तिकडे गेली. म्हणाला, पावसाळ्यानंतर घेऊ. मग नोटा बंद झाल्या. आमच्याकडे पॅकिंगला सगळ्या बायका, मजुरी रोख. बँकेत रांग, हातात नोटा नाहीत. लाडकीच्या लग्नाला आलो तेव्हा त्यांची मजुरी थकलेली होती. गाडीत प्रविण जे बोलला ते फ्रिजवर नव्हतं, हे मला तेव्हा कळत होतं. पण मी त्याच्यावर चिडायचं ते तुझ्यावर चिडले.

मग तुझ्या नव्या नोटा आल्या. मी त्या परत पाठवणार होते, पत्रसुद्धा मनात तयार होतं. दारात तेव्हा आमच्याकडची एक बाई बसली होती, मुलाला ताप, औषधाला पैसे नाहीत. मी पाकीट उघडलं आणि मोजायला लागले. तिला किती, दुसरीला किती. त्याच दिवशी सगळे वाटून झाले. तुला लिहिलं ना, मोजून घेतले. ते खरंच होतं. त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचलं नाही. आभार मानायचे तर सगळं सांगावं लागलं असतं. ज्या मैत्रिणीला ऐटीत अडगळ म्हणून फ्रिज दिला, तिच्या बोकडावर आपण दोन दिवस काढले, हे कसं लिहायचं?

मला माझ्या कामाची लाज वाटत नाही आता. हात चालतात, बायका चांगल्या आहेत. काळजी प्रविणची आहे. तो दिवसभर वाडीत चिकूच्या झाडाखाली बसतो. कुणी काम सांगितलं तर म्हणतो, बघू. जेवताना बोलत नाही. रुचिकाची बारावी आहे. तिने परवा मला हळूच विचारलं, पप्पा बरे होतील ना? मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला माहीत नाही.

तुझी
निलम


झरी,
१ मार्च २०१९

प्रिय निलम,

पत्र लाहूला वाचून दाखवलं. तुला विचारायला हवं होतं, पण त्याच्यापासून लपवून काही झालं असतं का? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याला इकडे पाठव. घर बांधायला माणूस पाहिजे."

खरंच पाहिजे. पडलेल्या खोलीच्या जागी आम्ही विटा घालणार नाही. सासूच्या घरासारखं कुडाचंच घर करतोय, मोठं. सागाचे खांब जुने आहेत तेच. कारवी आणलीय. पाड्यावर प्रत्येकाचं काही ना काही पडलंय, त्यामुळे कुणाला कुणाच्या घरी मदतीला यायला वेळ नाही. लाहू पंधरा दिवस सुट्टी टाकतोय. एकट्याने होणार नाही. मजुरी द्यायला आमच्याकडे नाही, हे आधीच सांगते. जेवण आणि झोपायला तंबू. भाऊंना म्हणावं, मदत म्हणून नका येऊ आणि पाहुणे म्हणूनही नका येऊ. खांब धरायला या.

लाहूने आणखी एक सांगितलं, ते लिहू की नको असं झालंय. म्हणाला, फुगे करणाऱ्याचा हात हलका असतो, लिंपायला बरा पडेल.

संदीपची परीक्षा सुरू आहे. शेतात बसून अभ्यास करतो. म्हातारी छत्री धरते.

तुझी
संगीता


चिखले,
१४ एप्रिल २०१९

प्रिय संगीता,

प्रविण काल घरी आला. पंधरा दिवस म्हणून गेलेला माणूस महिना काढून आला, तेव्हाच मी समजले होते. पण त्याला बघून मला खरंच हसू आलं. काळा झालाय, तळहात फाटलेत, नखांत शेण.

पत्र वाचून दाखवलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून उभा. का निघाला ते मी विचारलं नाही. मला वाटतं, त्याला कारखाना बंद झाल्यापासून कुणी काम असं सांगितलंच नव्हतं, सगळे सांत्वन करत होते.

काल जेवताना तो बोलत होता. रुचिका घास हातात धरून ऐकत बसली. म्हणाला, लाहू दिवसभरात चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन चुका काढायला असतात. पहिलं लिंपण त्याने उपटून टाकायला लावलं म्हणे. मग त्याने त्या दुपारचं सांगितलं. भिंती उभ्या होत्या, छपर अर्धं झालं होतं, आणि हे दोघे आत कारवी बांधत होते. आवाज आला. प्रविण दाराकडे पळायला निघाला तर लाहूभाऊंनी त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "थांब. बघू या आपण काय बांधलंय." सगळं घर डुललं, कारवी करकरली, ओली माती थोडी गळली. मग थांबलं. घर तसंच उभं. प्रविण म्हणतो, मी बाहेर येऊन खाली बसलो आणि मला रडू आलं, आणि लाहू शेजारी बसून तंबाखू मळत राहिला.

हे त्याने रुचिकासमोर सांगितलं, रडल्याचंसुद्धा. रात्री तो लगेच झोपला. मी बराच वेळ नुसती त्याचा श्वास ऐकत होते, चांगला गाढ.

लाहूभाऊंनी कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकलाय, ते तुला माहीत असेलच. आधी कुणी नोकरीचं नाव काढलं की तो उठून जायचा, मी मालक होतो म्हणून. काल स्वतःच म्हणाला, सोमवारी उंबरगावला जाऊन येतो, मशीनचं काम मला येतं. घोलवडहून गाडी आहे.

तुला काय लिहू? आभार मानले तर तू चिडशील. नाही मानत.

तुझी
निलम


झरी,
१२ जून २०१९

प्रिय निलम,

संदीप पास झाला. भूमितीत सगळ्यात जास्त मार्क आहेत. निकाल कळल्यावर तो टेकडीवर रेंजला गेला आणि सगळ्यांना फोन करून आला, तुलाही केला म्हणतो. तू काय बोललीस ते सांगत नाही, नुसता हसतो.

धक्के आता कमी झालेत. मधूनच एखादा येतो. आम्ही पाऊस लागायच्या आधी घरात आलो. पहिली रात्र कुणाला झोप आली नाही, सवय मोडली होती. आता म्हातारी सगळ्यात आधी घोरते.

लाहू आणि प्रविणभाऊ एकाच पाळीत आहेत. त्यामुळे तुमच्याकडची बातमी मला तुझ्या पत्राआधी कळते. रुचिका बारावी झाली, नर्सिंगला वसईला चालली, तिथे हॉस्टेल आहे, हे सगळं मला माहीत आहे. तिला म्हणावं, हॉस्टेलात पेटीला कुलूप लावू नकोस, चावी हरवली की रडायला येतं.

आता कामाचं. मागच्या महिन्यात मी चिखल्याला आले होते तेव्हा तुमच्या खोलीमागे रुचिकाची सायकल बघितली. वसईला ती नेणार नाही. संदीपला रोज तलासरीला कॉलेजला जायचं आहे. ती सायकल त्याला तू देशील असं मला वाटलं होतं, आणि तू ते पत्रात लिहिलं नाहीस. का लिहिलं नाहीस ते मला कळलं. म्हणून मीच मागते.

मुलींची सायकल आहे, तो कुरकुर करेल, ते मी बघते. चेन गंजली आहे ती बघितली मी, तेल घालू. साफबिफ करत बसू नकोस. लाहू शनिवारी कामावरून सुटला की प्रविणभाऊंबरोबर तिकडे येईल आणि घेऊन येईल.

पैसे मिळणार नाहीत.

तुझी
संगीता